जहाजावरची एक रात्र आणि साठ हजारांचे बिल : समुद्रातील मोबाइल रोमिंगचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका निवृत्त दांपत्याचे आणि जर्मनीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचे आहे. बिल हाती आल्यावर ते सल्ल्यासाठी माझ्याकडे आले आणि पुढचा सर्व पत्रव्यवहार आम्ही मिळून केला. त्यांच्या संमतीने तो येथे मांडत आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. दोन्ही मोबाइल कंपन्या आणि जहाज कंपनी यांची नावेही दिलेली नाहीत. त्या दांपत्याला मी प्रत्यक्षात काका-काकू म्हणतो, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो.

काका-काकू जून महिन्यात मुलाकडे गेले होते. त्याने तिघांसाठी भूमध्य समुद्रातील सात रात्रींची क्रूझ ठरवली होती. जिनोव्हाला जहाजावर चढायचे, दुसऱ्या दिवशी मार्सेय, तिसऱ्या दिवशी बार्सिलोना, त्यानंतर एक पूर्ण दिवस समुद्रात आणि मग नेपल्सकडे, असा मार्ग होता.

तिघांकडे तीन प्रकारची सिमकार्डे होती. काकांचे भारतीय पोस्टपेड होते. निवृत्तिवेतनाचे खाते, बँकेचा ओटीपी, आधार आणि सोसायटीचे व्यवहार असे सारे याच क्रमांकाला जोडलेले असल्यामुळे तो बंद ठेवण्याचा विचार त्यांच्या मनात आला नाही. काकूंचे भारतीय प्रीपेड होते आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरूच केलेले नव्हते. मुलाचे सिमकार्ड जर्मनीतील मासिक कराराचे होते.

निघण्यापूर्वी काकांनी कस्टमर केअरला फोन करून इटली, फ्रान्स आणि स्पेन या तीन देशांत चालेल असा पॅक मागितला. पलीकडच्या कर्मचाऱ्याने दहा दिवसांचा युरोपचा पॅक सुचवला आणि हा पॅक संपूर्ण युरोपात चालेल असे सांगितले. हे उत्तर खरे होते. मात्र प्रवास जहाजाने आहे हे काकांनी सांगितले नाही आणि कर्मचाऱ्याने विचारले नाही. पॅक घेताच क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंगही सुरू झाले. पॅकमधील सवलत यादीतल्या देशांपुरती होती, पण रोमिंगची परवानगी यादीबाहेरच्या नेटवर्कनाही लागू होती. ग्राहक पॅककडे कुंपण म्हणून पाहतो, तर कंपनीच्या दृष्टीने तो सवलतीच्या दरांचा तक्ता असतो. या दोन समजुतींमधल्या फटीत काकांचे पैसे गेले, आणि माझ्या मते हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

जहाजावरचे नेटवर्क कोणाचे

प्रवाशांसाठीच्या मोठ्या जहाजांवर मोबाइलची स्वतःची यंत्रणा असते. मार्गिकांमध्ये आणि डेकवर छोटे अँटेना बसवलेले असतात आणि तेथून संभाषण व डेटा उपग्रहामार्फत जमिनीवर पोहोचतो. फोनला हा फरक कळत नाही. जमिनीवरचा मनोरा मागे पडला की तो उपलब्ध असलेल्या दुसऱ्या नेटवर्कला जोडला जातो आणि पडद्यावर सिग्नलच्या रेघा पूर्ववत पूर्ण दिसतात.

प्रत्येक देशाच्या मोबाइल नेटवर्कला तीन अंकी देशसंकेत असतो. भारताचे ४०४ आणि ४०५ आहेत, इटलीचा २२२. समुद्रावरील अनेक नेटवर्क ९०१ या संकेताखाली येतात, आणि हा संकेत कोणत्याही एका देशाचा नाही. त्यामुळे जहाज इटलीहून फ्रान्सला जात असले, तरी त्यावरचा फोन मोबाइलच्या हिशेबात इटलीतही नसतो आणि फ्रान्समध्येही नसतो.

प्रादेशिक समुद्राची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर असते, आणि तेथपर्यंत जमिनीचेच नेटवर्क मिळते असा सर्वसाधारण समज आहे. त्यावर विसंबणे योग्य नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्णयाने सदस्य देशांच्या प्रादेशिक समुद्रातही काही तांत्रिक अटी पाळून जहाजावरची जीएसएम (मोबाइल) यंत्रणा चालवण्याची मुभा दिली. त्या निर्णयात ती बंद ठेवण्याचे बंधन किनाऱ्यालगतच्या २ सागरी मैलांपुरते होते. म्हणजे बंदर नजरेआड होण्याआधीच फोन जहाजाच्या नेटवर्कवर गेलेला असू शकतो.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचे अतिरिक्त शुल्क रद्द झाले आणि २०२२ मध्ये ही व्यवस्था २०३२ पर्यंत वाढवण्यात आली. संघातील सिमकार्ड घेऊन संघातल्याच दुसऱ्या देशात गेल्यास घरच्याच दराने फोन वापरता येतो. ही सोय जमिनीवरच्या नेटवर्कपुरती आहे. उपग्रहामार्फत चालणारे जहाजावरचे नेटवर्क तिच्यात येत नाही. मुलाला ही सोय माहीत होती, हा अपवाद माहीत नव्हता.

काय घडले

जहाज जिनोव्हाहून संध्याकाळी सहाला सुटले. काकांनी दिवसभरात शहराचे बरेच फोटो काढले होते, त्यांत तिथल्या प्रसिद्ध दीपस्तंभाचेही होते. फोन हरवला तरी फोटो राहावेत म्हणून आणि पॅकमध्ये डेटा भरपूर आहे म्हणून त्यांनी दुपारीच फोटोंचा बॅकअप मोबाइल डेटावरही चालू राहील असे सेटिंग केले होते. रात्रीच्या जेवणानंतर तिघेही जहाजावरचा कार्यक्रम पाहायला गेले आणि काकांचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला राहिला.

तपशीलवार बिलात त्या रात्रीची नोंद अशी आहे : डेटा सत्र रात्री ९.२४ वाजता सुरू, ११.५० वाजता समाप्त, वापर ९६ एमबी. दर १० केबीला ५ रुपये होता, म्हणजे एका एमबीला ५१२ रुपये. सुमारे तीन एमबीचा दीपस्तंभाचा एक फोटो दीड हजार रुपयांना पडला, आणि असे तीसएक फोटो एकापाठोपाठ गेले. त्या सुमारास फोन कोणाच्याही हातात नव्हता.

सत्र सुरू होण्याच्या दोन मिनिटे आधी, ९.२२ वाजता, कंपनीचा एक इंग्रजी संदेश फोनवर आला होता. समुद्री नेटवर्कवर आपले स्वागत असून पुढील दर लागू होतील, असा त्याचा आशय होता. तो संदेश काकांच्या फोनमध्ये आजही आहे. कंपनीने काहीच कळवले नाही असे म्हणता येत नाही, हे आम्ही सुरुवातीपासून मान्य केले.

मुलगा कार्यक्रम सोडून मध्येच डेकवर गेला आणि तेथून त्याने मित्रांना व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. काही मिनिटांतच त्याला मर्यादेच्या ८० टक्के खर्च झाल्याचा संदेश आला आणि पाठोपाठ डेटा बंद केल्याचा. युरोपीय नियमानुसार ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल, तर रोमिंगमधील डेटाचा खर्च महिन्याला करपूर्व ५० युरोंवर पोहोचताच कंपनीला डेटा थांबवावा लागतो. जर्मनीचा १९ टक्के कर धरून त्याला ५९ युरो ५० सेंट मोजावे लागले. त्याने आपला फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि तो परत कार्यक्रमाला येऊन बसला. बाबांकडे युरोपचा पॅक आहे, तेव्हा त्यांना हा प्रश्न येणार नाही, असे त्याला वाटले. त्या घटकेला केबिनमध्ये जाऊन त्याने वडिलांचा फोन पाहिला असता, तर बिलाचा मोठा भाग वाचला असता. ही खंत त्याच्या मनात अजूनही आहे, आणि त्याला पूर्ण दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण वडिलांइतकाच त्याचाही पॅक या शब्दावर विश्वास होता.

सकाळी ७.१२ वाजता मार्सेयच्या बंदराजवळ काकांच्या फोनवर तीन संदेश एकदम आले : क्रेडिट लिमिटच्या ५० टक्के, ८० टक्के आणि १०० टक्के वापर झाला आहे. त्यांची मर्यादा १०,००० रुपये होती. ती आदल्या रात्री विसाव्या एमबीलाच ओलांडली गेली होती. संदेशांच्या वरखाली फ्रान्समधील स्वागताचे आणि जाहिरातींचे संदेश होते. काकांनी ते सगळेच एका नजरेत पाहून सोडून दिले. दुपारी कंपनीने त्यांचा डेटा बंद केला. पॅकमधला डेटा संपला असावा असे समजून त्यांनी पुढचे दिवस बंदरांत मुलाच्या हॉटस्पॉटवर काढले. एका रात्रीत पॅक कसा संपला, हा प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारला नाही.

समुद्रातल्या पूर्ण दिवशी सकाळी साडेदहाला, म्हणजे भारतात दुपारी दोनला, घरकाम करणाऱ्या ताईंचा फोन आला. किल्ली कुलपात अडकली होती. काकांनी त्यांना शेजाऱ्यांकडची दुसरी किल्ली कुठे असते ते समजावून सांगितले आणि ओघात घरचीही विचारपूस केली. अकरा मिनिटे बोलणे झाले. डेटा बंद असला तरी कॉल सुरू होते, आणि समुद्री नेटवर्कवर येणाऱ्या कॉललाही मिनिटाला १८० रुपये दर होता.

काकूंच्या फोनवर संपूर्ण प्रवासात समुद्रात सेवा उपलब्ध नाही इतकेच दिसत होते. त्यांना एक रुपयाही खर्च आला नाही. एकाच केबिनमधील तीन फोनांपैकी एकाचे रोमिंग मुळातच बंद होते, दुसऱ्याला कायद्याने पन्नास युरोंवर थांबवले आणि तिसऱ्याला मध्यरात्रीपर्यंत कोणीच थांबवले नाही.

बिल आणि समोरचे पर्याय

पुण्यात परतल्यावर बारा दिवसांनी बिल आले. डेटाचे ४९,१५२ रुपये, कॉलचे १,९८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून समुद्री रोमिंगपोटी ६०,३३५ रुपये ७६ पैसे मागितले होते. मासिक भाडे आणि पॅकचे पैसे वेगळे होते.

काकांचा पहिला विचार पैसे भरून मोकळे होण्याचा होता. आपल्याच फोनवरून वापर झाला, तेव्हा देणे आपलेच, असे ते म्हणाले. आयुष्यभर वेळेवर बिल भरणाऱ्या माणसाचा हा स्वाभाविक विचार आहे आणि त्यामागच्या सचोटीचा मला आदर वाटतो. तरीही वापर झाला आहे का आणि तो वेळेत थांबवला गेला का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, असे मी त्यांना सांगितले.

मुलाला काहीच भरू नये असे वाटत होते. या पर्यायात धोका होता. थकबाकीमुळे क्रमांक बंद झाला असता, तर बँक आणि निवृत्तिवेतनाचे व्यवहार अडले असते. क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा म्हटले, तरी थकबाकी आडवी आली असती.

तिसरा पर्याय कंपनीकडे तक्रार आणि नंतर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करण्याचा होता. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनी ही दोन पायऱ्यांची रचना घालून दिली आहे. तक्रारीचे उत्तर समाधानकारक नसेल, तर ३० दिवसांत अपील करता येते, त्याला शुल्क नाही, आणि अपील ३९ दिवसांत निकाली काढावे लागते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते आणि तिथे पत्रे पाठवण्यात महिना निघून जातो.

चौथा पर्याय जिल्हा ग्राहक आयोगाचा होता. मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते की नाही, याबद्दल २००९ च्या एका निकालामुळे बरीच वर्षे संदिग्धता होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती दूर केली आणि असा दावा ग्राहक आयोगासमोर चालतो हे स्पष्ट केले. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात दाखल करताना शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. त्यामुळे आधी अपील करून आयोगाचा मार्ग राखून ठेवता येत होता, आणि आम्ही तेच ठरवले.

केलेली कार्यवाही

बिल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी मासिक भाडे आणि पॅकची रक्कम भरली आणि उरलेली रक्कम वादग्रस्त असल्याचे ईमेलने कळवून तक्रार क्रमांक घेतला. निर्विवाद रक्कम भरल्यामुळे वसुलीसाठी फोन करणाऱ्यांना सांगण्यासारखे काहीतरी त्यांच्या हाती राहिले. असे फोन आठवडाभर येत होते आणि काकू त्यामुळे फार अस्वस्थ होत्या. प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक सांगून संभाषण थांबवायचे, एवढेच आम्ही ठरवले होते.

नवव्या दिवशी कंपनीचे उत्तर आले : वापर तपासला असता योग्य आढळला, दरांची पूर्वसूचना संदेशाने दिलेली होती, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. अपेक्षित असेच हे उत्तर होते. अपिलात आम्ही वापर झाला नाही असा दावा केला नाही, दर चढे आहेत असेही म्हटले नाही. तीनच मुद्दे घेतले. पॅक घेताना आलेल्या संदेशात देशांची यादी होती, पण जहाज आणि विमान यांवर हा पॅक लागू नाही, असे एक वाक्यही नव्हते. रोमिंग सुरू करण्याची संमती काकांनी त्या यादीकडे पाहून दिली होती. आणि क्रेडिट लिमिटच्या तीन टप्प्यांचे तिन्ही संदेश एकाच मिनिटाला, सत्र संपल्यानंतर सात तासांहून अधिक काळाने आले होते.

तिसऱ्या मुद्द्यावर आमचा सर्वाधिक भर होता. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसावे आणि खर्च वाढत असताना त्याला टप्प्याटप्प्याने कळवावे, या दिशेने ट्रायने २०२० मध्ये विनियमांत दुरुस्ती केली आहे. टप्प्यांच्या सूचनेचा हेतू ग्राहकाला थांबता यावे हाच असतो. खर्च होऊन गेल्यावर तिन्ही टप्पे एकदम कळवले, तर ती सूचना राहत नाही. रोमिंगमधील वापराच्या नोंदी परक्या नेटवर्ककडून घरच्या कंपनीकडे उशिरा पोहोचू शकतात, हे आम्हाला माहीत होते, आणि कंपनी तेच कारण देईल हेही उघड होते. म्हणून अपिलात थेट विचारले : ही नोंद आपल्याकडे नेमकी किती वाजता आली, आणि ती उशिरा येणे हे आपल्या व त्या नेटवर्कमधील व्यवस्थेचे न्यून असेल, तर त्याचा भार ग्राहकाने का सोसावा?

निष्पत्ती

चौतिसाव्या दिवशी निर्णय आला. डेटाची आकारणी क्रेडिट लिमिटइतकी, म्हणजे १०,००० रुपये धरण्यात आली आणि कॉलचे १,९८० रुपये कायम ठेवले. जीएसटीसह १४,१३६ रुपये ४० पैसे देय ठरले आणि ४६,१९९ रुपये ३६ पैसे माफ झाले. नोंद केव्हा आली, या प्रश्नाला उत्तर दिलेले नव्हते. ही सवलत सद्भावनेपोटी दिली असून ती पूर्वदाखला मानली जाऊ नये, असे शेवटी लिहिले होते.

काकांनी त्याच दिवशी रक्कम भरली. कॉलचे पैसे त्यांना मनापासून मान्य होते, कारण ते बोलणे त्यांनी स्वतः केले होते. मुलाची इच्छा ग्राहक आयोगात जाण्याची होती. मी त्याच्या बाजूने होतो, कारण सद्भावना या शब्दामुळे पुढच्या ग्राहकाला याच वाटेने पुन्हा पहिल्यापासून चालावे लागणार होते. पण तारखांना हजर राहणे काकांना शक्य नव्हते आणि मुलगा परदेशात होता. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी विचारपूर्वक घेतला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त निर्णय जहाज धक्का सोडताना घ्यायचा होता : एअरप्लेन मोड, आणि गरज भासल्यास त्यातच वायफाय सुरू करून जहाजाचे इंटरनेट. केवळ डेटा रोमिंग बंद केले असते, तर फोटो अडले असते, पण ताईंचा कॉल आलाच असता. जहाजाच्या वायफायची चौकशी मुलाने आधी केली होती. प्रत्येक उपकरणामागे रोजचे शुल्क पाहून त्याला ते महाग वाटले होते, आणि बंदरांत डेटा मिळणारच असल्यामुळे त्याचा तो हिशेब चुकीचा नव्हता.

ओटीपीची चिंता खरी होती, पण तिच्यासाठी फोन समुद्रात चालू ठेवण्याची गरज नव्हती. बंदरात उतरल्यावर फोन सुरू करून बँकेची कामे उरकता आली असती. घरच्या माणसांना जहाज कोणत्या दिवशी समुद्रात असेल ते आधी सांगून, तातडीसाठी शेजाऱ्यांचा क्रमांक देऊन ठेवला असता, तर किल्लीचा प्रश्न पुण्यातच सुटला असता.

काही कंपन्या विमान आणि क्रूझ यांसाठी वेगळे पॅक देतात. देशाचे नाव सांगून पॅक मागण्याऐवजी प्रवास कशाने आहे हे सांगितले असते, तर या पॅकचा विषय निघाला असता. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझच्या प्रवाशांनीही हे विचारून घ्यावे. जहाज भारतीय बंदरातून निघून भारतीय बंदरात परतणार असले, तरी त्यावर समुद्री नेटवर्क असेल, तर खुल्या समुद्रात दर त्या नेटवर्कचे लागतात.

जहाजावर रोज संध्याकाळी केबिनच्या दारात कार्यक्रमपत्रक ठेवले जात असे. पहिल्या दिवसाचे पत्रक काकूंनी आठवण म्हणून जपून आणले होते. प्रकरण संपत आल्यावर ते पाहायला मिळाले. दुसऱ्या पानावर, सर्वांत खाली, बारीक अक्षरांत फोन एअरप्लेन मोडवर ठेवण्याची सूचना इटालियन आणि इंग्रजीत छापलेली होती. जेवणाच्या वेळा पहिल्या पानावर होत्या, आणि तिघांनी वाचले होते ते तेवढेच पान.

माझ्या बाजूनेही एक चूक झाली. नोंदीच्या वेळेचा प्रश्न मी थेट अपिलात विचारला. तो पहिल्याच तक्रारीत लेखी मागायला हवा होता, म्हणजे नवव्या दिवशीच्या उत्तरात कंपनीला त्यावर काहीतरी म्हणावे लागले असते, किंवा तिने मौन पाळल्याचा मुद्दा अपिलात घेता आला असता. यानंतर माझ्याकडे आलेल्या रोमिंगच्या तक्रारींमध्ये आम्ही पहिल्या पत्रातच तीन वेळांबद्दल विचारतो : नोंद कधी आली, सूचना कधी पाठवली, आणि सेवा कधी थांबवली.